अडतिसाव्या सेकंदानंतर

हुलसूरच्या बाजारात भाजी घ्यायला उभा राहिलो की कोणीतरी विचारतंच, "तुमी तिकडं कलबुर्गीला नेमकं काय करायलताव हो इतकी वर्षं?" मी पूर्वी दुकानांचे बोर्ड रंगवायचो तेव्हा हा प्रश्न कोणाला पडत नव्हता. हातात ब्रश दिसायचा, भिंतीवर अक्षर दिसायचं, विषय संपायचा. आता मी सांगतो, "जुन्या बातम्यांच्या कॅसेटी असतात ना, त्यातले तुकडे घेऊन पोरांना इतिहास शिकवणाऱ्या वेबसाइट तयार करत होतो." समोरचा माणूस थोडा वेळ आदराने बघतो आणि मग खिशातून मोबाइल काढतो. "मग ह्येचं चार्जिंग कामून टिकंना, बघा की जरा."

ज्यांना खरंच जाणून घ्यायचंय त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या बिदर-कलबुर्गी पट्ट्यात केबल टीव्ही आला तेव्हा गावोगाव हौशी कॅमेरावाले तयार झाले. लग्नाचं शूटिंग करता करता ते बातम्याही टिपायचे. मोर्चे, पूर, पुढाऱ्यांचे दौरे, एसटी सुरू करा म्हणून रस्त्यात बसलेली माणसं, सगळं. या कॅसेटी नंतर घरोघर ट्रंकांमध्ये पडून राहिल्या. कलबुर्गीच्या एका संस्थेने त्या गोळा करून आठवी-नववीच्या मुलांसाठी वेबसाइट करायची ठरवली. कन्नड, मराठी आणि उर्दू अशा तिन्ही भाषांत. तिची मांडणी माझ्याकडे होती.

काम असं. कॅसेट बघायची, बघताना वहीत नोंद करायची, कुठल्या सेकंदाला काय दिसतं. त्यातून कामाचा तुकडा निवडायचा. मग त्या तुकड्यात टिचकीच्या जागा ठेवायच्या. म्हणजे मुलाने चालत्या चित्रातल्या फलकावर टिचकी मारली की फलकावर काय लिहिलंय ते मोठं होऊन दिसतं, माणसावर मारली की तो कोण ते कळतं. शेवटी चार प्रश्न. माझे दोन नियम होते आणि मी ते नव्या लोकांना मोठ्या ऐटीत सांगायचो. एक, तुकडा चाळीस सेकंदांच्या आत, कारण त्यापुढे पोरं चुळबुळ करायला लागतात. दुसरा, ज्याचं नाव माहीत नाही त्याला टिचकीची जागा नाही, कारण टिचकी मारल्यावर सांगणार काय?

या दोन्ही नियमांचा मला अभिमान होता, हे आधीच कबूल करतो.

गिऱ्हाइकं एकेक भेटली. औरादकडचे एक हेडमास्तर म्हणाले, "परीक्षेला येतो तेवढाच इतिहास ठेवा, बाकीचा काढून टाका." मन्नाएखेळ्ळी गावच्या रस्ता रुंदीकरणाच्या चित्रात एका हॉटेलाची पाटी ओझरती दिसत होती. त्या मालकाच्या मुलाचा फोन आला. पाटीवर टिचकी मारली की आमची भजी दिसली पाहिजेत, असा त्याचा आग्रह. मी म्हटलं, हा इतिहास आहे. तो म्हणाला, "मग भजी काय आत्ताची हायेत व्हय? आज्यापासून हायेत." एक निवृत्त कारकून तर पत्ता काढत ऑफिसातच आले. मोर्चाच्या चित्रात ते तिसऱ्या रांगेत दिसत होते. "मी पयल्या रांगेतच होतो, कॅमेरा चुकीच्या बाजूनी होता," असं त्यांचं म्हणणं. रांगा बदलून द्याव्यात अशी त्यांची विनंती होती. मी त्यांना चहा पाजला आणि नंतर सहा महिने ही गोष्ट हसून सांगत फिरलो. आता तेवढं हसू येत नाही. त्या माणसाला फक्त बरोबर दिसायचं होतं.

मूळ गोष्ट पुराची आहे.

मन्नाएखेळ्ळीचे खाजाभाई हे आमचे सर्वांत जुने कॅमेरावाले. त्यांच्या पलंगाखाली दोन ट्रंका भरून कॅसेटी होत्या. त्यांच्याच घरी, त्यांच्याच जुन्या व्हीसीआरवर मी आठवडाभर त्या बघितल्या. बऱ्याच कॅसेटींना बुरशी लागली होती आणि दर तासाला खाजाभाई व्हीसीआर उघडून कापसाने पुसायचे. कॅसेट संगणकात घ्यायची तर ती तितकाच वेळ चालवावी लागते. यंत्र किती दिवस तग धरेल याचा भरवसा नव्हता, म्हणून ठरवलं की आधी बघून खुणा करायच्या आणि खूण केलेले तुकडेच आत घ्यायचे.

एका कॅसेटमध्ये अफजलपूर बाजूच्या भीमेच्या पुराचं चित्र होतं. गावात पाणी शिरलंय, घरांची नुसती माळवदं, म्हणजे मातीची सपाट छपरं, दिसतायत. त्या तालुक्यातले एक पुढारी बोट घेऊन आले होते आणि खाजाभाई त्यांच्याच बोटीत होते. या पुढाऱ्यांना सगळा भाग अप्पा म्हणायचा. माणूस खरंच पाण्यात उतरला होता, त्यात खोट नव्हती. बोटीत एक आठ-नऊ वर्षांची मुलगी, तिची आई आणि कडेवर एक लेकरू. बोट निघते आणि ती मुलगी जिवाच्या आकांताने ओरडते, "अप्पा! ओ अप्पा!" तिच्या शेजारीच पुढारी बसलेले. अडतीस सेकंद. एवढं सुरेख चित्र मला त्या आठवड्यात मिळालं नव्हतं.

मुलीचं नाव माहीत नव्हतं, पण हाकेतलं नाव ओळखीचं होतं, म्हणून मी तिच्यावर टिचकीची जागा ठेवली. खाली वाक्य लिहिलं, "पूरग्रस्त मुलगी मदतीसाठी अप्पांना हाक मारत आहे." त्यावर टिचकी मारली की पुढाऱ्यांची माहिती. कन्नड भाषांतर करणाऱ्या बाईंनी मला फोनवर विचारलंही होतं, "सर, अप्पा म्हणजे इथं कोण लिहू?" मी म्हटलं, अहो ते पुढारी, दुसरं कोण? शेवटच्या चार प्रश्नांत एक प्रश्न मी त्यावरच घातला. मुलगी कोणाला हाक मारत आहे? नावाड्याला, सैनिकांना, आईला की अप्पांना?

आता माझी लाज ऐका. मी माझ्या वडिलांना जन्मभर अप्पा म्हटलं. आमचं घराणं मूळचं मेंढरांमागं फिरणारं. अप्पा कळपातलं प्रत्येक मेंढरू तोंडावरून ओळखायचे, आणि एखादं दिसलं नाही तर सगळा कळप थांबवायचे. आमच्या भागात मराठी असो, कन्नड असो, निम्म्या घरांत बापाला अप्पाच म्हणतात. पुण्याच्या माणसाने ही चूक केली असती तर आम्ही त्याला हसलो असतो. मी केली, आणि ती पाच वर्षं कोणाच्या लक्षात आली नाही.

फोन आला तो अफजलपूर तालुक्यातल्या एका मराठी शाळेतून. सुजाताबाई, सातवी-आठवीला इतिहास शिकवतात. आवाज शांत होता.

"सर, तुमचा तो पुराचा पाठ वर्गात लावला मी. पोरांनी प्रश्न सोडिवला. उत्तर बरोबर दिलं, अप्पा."

मी म्हटलं, छान.

"उत्तर बरोबरच हाय, सर. पण ते अप्पा न्हवं. मी माज्या अप्पांना हाक मारायलते."

मला कळायला वेळ लागला. मग त्यांनी सांगितलं की चित्रातली मुलगी त्या स्वतः. त्यांचं घर नदीच्या अंगाला होतं. बोटीत जागा नव्हती म्हणून बाया-लेकरांना आधी घेतलं. वडील माळवदावर थांबले. बोट परत जायच्या आत घर वडिलांसकट पाण्यात बसलं. वडिलांचा एकही फोटो नाही, होते ते दोन घरातच होते.

मी माफी मागितली. आजच दुरुस्ती करतो म्हणालो. त्यावर त्या म्हणाल्या, "दुरुस्ती करा. पण त्येच्यासाठी फोन न्हाई केला. मला एवढंच सांगा, त्येच्या पुढं फितीत काय हाय? कॅमेरा तिकडं वळलाय, शेवटी जरा कळतंय. पुढं अप्पा दिसतेत का?"

दिसत होते. मी बघितले होते.

बघून सांगतो म्हणालो आणि फोन ठेवून मी वही काढली. माझ्याच अक्षरात त्या कॅसेटची नोंद होती. पहिली ओळ, शून्य ते अडतीस सेकंद, मुलगी, बोट, अप्पा, उत्तम. दुसरी ओळ, अडतीस सेकंद ते एक मिनिट एक्कावन्न, माळवदावर माणूस, हात हलवतो, निरुपयोगी. त्याखाली पुढाऱ्यांची मुलाखत, चालेल.

निरुपयोगी हा शब्द मी त्या वहीत शेकडो वेळा लिहिला असेल. हललेलं चित्र, रिकामं आभाळ, चुकून चालू राहिलेला कॅमेरा, सगळ्याला तोच शब्द. त्या माणसाचं नाव नव्हतं आणि चाळीस सेकंद भरत आले होते. दोन्ही नियम मी चोख पाळले होते.

तरी मला वाटलं, मूळ कॅसेट असेल. दुसऱ्याच दिवशी मन्नाएखेळ्ळीला गेलो. खाजाभाईंनी खुर्ची दिली, चहा सांगितला आणि मी विषय काढताच म्हणाले,

"तुम्हीच बोले ना मियाँ? मैं पूछा तुमको, ये बाकी का रखूँ क्या नक्को? तुम बोले, सब आ गया संगणक में, अब काय को जागा अडवायलाव."

मी खरंच तसं बोललो होतो. आठवडाभर त्यांच्या घरचं जेवून, निघताना, चपला घालता घालता. मला वाटलं होतं मी त्यांची अडचण दूर करतोय. त्यांनी वीस वर्षं पलंगाखाली सांभाळलेल्या कॅसेटी माझ्या एका वाक्यावर भंगारवाल्याला दिल्या. त्यांच्या दृष्टीने मी जाणता माणूस होतो.

मी त्यांना विचारलं, तुम्ही स्वतः तिथं होता, तो माणूस आठवतो का? हात कसा हलवत होता? खाजाभाई म्हणाले, "मैं आँख से कहाँ देखा? कॅमेरे में से देखा. याद कॅसेट में थी मियाँ, मेरे में नहीं."

ते रागावले असते तर बरं झालं असतं.

सुजाताबाईंना फोनवर सांगायचं धाडस झालं नाही. वही पिशवीत घालून अफजलपूरची बस धरली. त्यांच्या घरी आई होती, थकलेली, कमी ऐकणारी, पण नजर तीक्ष्ण. मी दोघींसमोर सगळं सांगितलं. कॅसेट राहिली नाही, ती माझ्यामुळे गेली, आणि जे होतं त्याची एवढी एक ओळ आहे. सुजाताबाईंनी ती वाचली. 'निरुपयोगी'वर त्यांचं बोट थांबलं. मी पेन काढून म्हणालो, हा शब्द खोडतो. त्या म्हणाल्या, "ऱ्हाऊ द्या. जे लिव्हलंय ते ऱ्हाऊ द्या."

मग त्यांनी आईच्या कानाशी वाकून ती ओळ मोठ्याने वाचली, शेवटचा शब्द सोडून.

आई माझ्याकडे वळली. "हात हलवायलते?"

"व्हय, अक्का."

"कसा?"

तिने स्वतःचा हात वर केला. तळवा खाली, बोटं आपल्याकडे ओढत. "असा? या म्हणून?" मग तोच हात, तोच तळवा, बोटं बाहेर झटकत. "का असा? जावा म्हणून?"

त्यावेळी मला सुजाताबाईंच्या फोनमधल्या शांतपणाचा अर्थ कळला. त्यांनी आईसमोरच सांगितलं. बोट भरली तेव्हा नावाड्याने आईला विचारलं होतं, मालकांना कसंबसं बसवू का, थांबू का? कडेवरचं लेकरू रडत होतं, पाणी चढत होतं. आई म्हणाली, चला. नवरा मागून परत बोलावत असणार आणि आपण चला म्हणालो, हे तिने तेव्हापासून मनात धरलं होतं. लेकीचं म्हणणं, अप्पा जा म्हणत होते. "पोरीला काय कळतंय, ती नुसती वरडायलती," असं आई म्हणायची. या एका गोष्टीवरून मायलेकींची किती वर्षं गेली असतील ते त्यांनाच माहीत. आणि त्याचा निवाडा कॅसेटवर होता.

आपल्याकडे या म्हणणारा हात आणि जा म्हणणारा हात यांत फरक तो किती? लांबून, पाण्याच्या धुकटात, बुरशीच्या कॅसेटवर तर काहीच नाही. पण मी ते एक मिनिट तेरा सेकंद बघितलं होतं. एकदा नाही, खूण करण्यासाठी मागेपुढे करत तीन-चार वेळा. मी डोळे मिटून आठवायचा खूप प्रयत्न केला. माळवद आठवलं, पांढरं धोतर आठवलं, तेही नक्की की मी आता घातलं कोण जाणे. हात वर होता. तो हलत होता. पुढे काही नाही. माझ्या अप्पांना मेंढराचं तोंड लक्षात राहायचं आणि मला माणसाचा हात लक्षात नव्हता.

जा म्हणत होते, असं सांगणं किती सोपं होतं. म्हातारी निवली असती, लेकीला बरं वाटलं असतं. शब्द माझ्या ओठावर आला होता. पण पाच वर्षं मी त्या लेकीच्या तोंडी खोटी हाक ठेवली होती. आता तिच्या बापाच्या हाताला खोटी खूण द्यायची माझी हिंमत झाली नाही. ते बरोबर केलं की चूक, याचा विचार मी अजून करतो आणि बहुतेक वेळा चूकच केली असं वाटतं.

"मला आठवत न्हाई, अक्का," मी म्हणालो. "मी नीट बघितलंच न्हाई."

ती रागावेल म्हणून मी खाली बघत होतो. तिने विचारलं, "किती येळ हलवायलते?"

"एक मिनिट तेरा सेकंद."

तिने लेकीकडे बघितलं. सुजाताबाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बोट केलं आणि आम्ही तिघं सेकंदकाट्याकडे बघत बसलो. काटा एकदा पूर्ण फिरला आणि वर तेरा खुणा गेला. वेळ संपता संपत नव्हता.

"लई येळ झाला की," आई म्हणाली. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुमी तरी बघितलाव. मी तर मागं वळूनच बघितले न्हाई."

मला तिथं रडू आलं. चहा घेतला आणि वहीचं ते पान फाडून त्यांना देऊन मी निघालो.

परत आल्यावर मी टिचकीचं वाक्य बदललं. आता तिथं आहे, "ही मुलगी आपल्या वडिलांना हाक मारत आहे. वडील मागे माळवदावर उभे आहेत." त्यांचं नाव लिहिलं आहे, सुजाताबाईंनी दिलं. प्रश्न काढून टाकला. आणि आणखी एक गोष्ट संस्थेच्या लोकांच्या पाया पडून मी करून घेतली, माझ्या नोकरीतली ती शेवटचीच. तो तुकडा आता अडतीस सेकंदांना संपत नाही. पुढे पडदा काळा होतो आणि एक मिनिट तेरा सेकंद काळाच राहतो. चित्र नाही, आवाज नाही. खाली वेळेचा आकडा तेवढा सरकत असतो.

निवृत्तीनंतरही वेबसाइटवर मदतीसाठी माझाच नंबर राहून गेला आहे. शाळांमधून फोन येतात. परवाच भालकीकडच्या एका मास्तरांचा आला.

"सर, तुमचा पुराचा व्हिडिओ मधीच बंद पडायलाय. पोरं वरडायलीत."

"बंद न्हाई मास्तर," मी म्हणालो, "चालू हाय. पोरांना म्हणावं, जरा बघा."